सरूबाईची माखली

पुरुषांनी शिजवलेल्या मटणाचं कुणी कौतुक करायला लागलं, की सरूबाईचं नाक वर जायचं. "व्हय व्हय, लई भारी," ती म्हणायची. "मसाला वाटला आमी, कांदे चिरले आमी, पाणी शेंदून आणलं आमी. ह्यांनी पळी फिरवली. झाले आचारी!" एवढं बोलून ती पदर खोचायची आणि कामाला लागायची. ऐकायला भोवती बायकाच असायच्या, आणि त्यांना ते तोंडपाठ होतं.

सरूबाई वैजापूरकडची. माहेर शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या घराला दोन गोष्टींचा रुबाब होता, एक विहिरीचा आणि दुसरा कंदुरीचा. विहीर पुढं आटली. कंदुरीचा रुबाब मात्र वाढतच गेला. शेताच्या बांधाला एका पिराचं ठाणं होतं. कुणी पूर्वज तिथं नवस बोलला, तो पावला, आणि तेव्हापासून दर वर्षी सुगी झाली की पिराला बोकड, हीच कंदुरी. मुजावर गफूरभाई येऊन फातिहा पढायचा, मलिद्याचा निवद व्हायचा, आणि मग लिंबाखाली तीन दगडांवर भलंमोठं पातेलं चढायचं. त्या पातेल्याजवळ बाईनं फिरकायचं नाही. का, तर रीत. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "बाईच्या हातानं मटण बिघडतं."

ऐका! रोजचं वरण, पिठलं, भरीत, दिवाळीचा फराळ, बाळंतिणीचे लाडू, आजाऱ्याची पेज, सगळं जिच्या हातानं निस्तरतं, तिच्या हातानं एक बोकडच तेवढा बिघडतो!

सासऱ्यांच्या मागं पळी आली ती त्यांच्या थोरल्या लेकाकडं, म्हणजे सरूबाईच्या नवऱ्याकडं. काकासाहेब त्याचं नाव. माणूस तसा वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. पण पातेल्याजवळ उभा राहिला की त्याच्या अंगात यायचं. डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायची, आणि जाळ कमी कर, जाळ जास्त कर, असं सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं. जाळ घालणारा निराळाच असायचा. काकासाहेबाचं खरं काम म्हणजे चव बघणं. मीठ बघायला काळजाचा एक तुकडा, तिखट बघायला दुसरा, शिजलं का बघायला तिसरा. धाकटा भाऊ नानासाहेब, चुलते, मेहुणे, सगळेच बघायला बसायचे. पंगत बसायच्या आधीच बोकडाचं काळीज बघून संपलेलं असायचं.

आणि बाया? दोन बाभळींना एक जुनं लुगडं आडवं बांधलेलं, त्याच्या पल्याड चुली. तिथं सकाळपासून भाकरी. धुरानं डोळ्यांची आग, तव्यानं बोटांची आग, आणि पलीकडून हाळी, "भाकरी पाठवा! गरम पाठवा! किती वेळ?" भाकरीच्या टोपल्या लुगड्याखालून पलीकडं सरकवायच्या आणि रिकाम्या परत घ्यायच्या. पंगती उठायच्या, पोरंसोरं जेवायची, आलेगेले जेवायचे, आणि सगळे पुरुष लिंबाखाली आडवे होऊन दात कोरायला लागले की मग काकासाहेब मोठ्या मनानं म्हणायचा, "घ्या आता बायांनो, जेवून घ्या." पातेल्यात असायचं काय? वर दोन बोटं पातळ रस्सा आणि बुडाला खरवड.

ह्या खरवडीचं सोनं केलं ते सरूबाईच्या सासूनं. द्वारकाबाई तिचं नाव. बोलणं कमी आणि हात चलाख. नवी नवरी होऊन सरूबाई पहिल्यांदा कंदुरीला आली तेव्हा ते रिकामं पातेलं बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. द्वारकाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "रडाया काय झालं? वढ ते पातेलं इकडं."

मग तिनं उलथन्यानं बुडाची खरवड काढली. चिकटलेला मसाला, हाडाला राहिलेलं मांस, तुटलेले बारीक धागे, सगळं पाट्यावर घेतलं, हाडकं वेचून टाकली आणि वरवंट्यानं रगडलं. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. बाजरीचं पीठ कढत पाण्यात मळून जाडसर भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. खालची बाजू शेकत आली की वरच्या ओल्या अंगावर तो गोळा बोटांनी कडेपर्यंत पसरला. वर ताट झाकलं आणि ताटावर चुलीतले निखारे ठेवले. खालून तव्याची धग, वरून निखाऱ्याची. ताट उचललं तेव्हा जो वास सुटला, त्यानं सरूबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. भाकरीला मटण माखलेलं, म्हणून तिचं नाव माखली. बायांनी ठेवलेलं नाव, बायांपुरतंच.

मग त्या पाय पसरून बसायच्या, माखली तोडून एकमेकींना द्यायच्या, आणि पलीकडं आडव्या झालेल्या मंडळींच्या नकला करायच्या. कोण कसा ढेकर देतो, कोण कसा जाळ बघतो. लुगड्यामागं एवढं हसू व्हायचं की पलीकडून काकासाहेब ओरडायचा, "झालं का तुमचं खरकटं खाऊन? निघायचंय!" खरकटं म्हणायचा तो माखलीला. कधी तोंडात घातली नाही त्यानं. बायांना त्याचं काही वाटायचं नाही. वर्षाकाठी कंदुरीचं जे काही मटण त्यांच्या पोटात जायचं ते ह्या खरकट्यातूनच, आणि पुरुषांना ते नकोय ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

पुढं काकासाहेबाला वाळूजच्या एका कंपनीत काम लागलं आणि संसार बजाजनगरात आला. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. शेती नानासाहेब बघायचा, द्वारकाबाई त्याच्याकडंच. काकासाहेब युनिफॉर्म घालून जायचा आणि आल्यावर लाइनवर आपल्यावाचून कसं सगळं अडतं ते सांगायचा. पगार नेमानं घरी आणायचा, लेकीचं लग्न नीट करून दिलं, हे सरूबाईही कबूल करायची. पण रविवार आला की पुन्हा डोक्याला टॉवेल. कंपनीतले मित्र यायचे आणि काकासाहेब गॅसवर मटण करायचा. घरातली झाडून सगळी भांडी त्याला लागायची. ओट्यापासून भिंतीपर्यंत तेलाचे शिंतोडे. मित्र म्हणायचे, "काकासाहेब, हाताला चव हाय राव!" काकासाहेब मान खाली घालून लाजायचा. ते लाजणं बघून आतमध्ये भाकरी थापणाऱ्या सरूबाईला तवा फेकून मारावा असं वाटायचं. मित्र म्हणायचे ठीक, पण काकासाहेब पुढं जोडायचा, "हे काहीच नाय. कंदुरीची चव घरी येत नसती. ते मटणच निराळं."

रविवारी सरूबाईच्या वाट्याला दोन तुकडे यायचे, नाही असं नाही. पण गार आणि हाडाचे. ती ते बाजूला सारायची, बुडाची खरवड काढायची आणि माखली करायची. शेजारची मनकर्णाबाई खास त्यासाठी मागच्या दारानं यायची. मनकर्णाबाई सिल्लोडकडची, धनगराची लेक. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. "आमच्या वाड्यावर तरी काय निराळं व्हतं गं," ती म्हणायची. "मेंढरं राखायची समद्यांनी आणि शेकायला बसायचं बाप्यांनी." दोघी चुलीसारखंच गॅसवरही ताट झाकायच्या, वर दुसरा तापलेला तवा ठेवायच्या. जमायचं.

अशाच एका रविवारी घात झाला. मित्र जेवून गेले होते. माखली तव्यावर होती. आणि काकासाहेबाचा सुपरवायझर विसरलेलं हेल्मेट न्यायला परत आला. दारातच थबकला. "काकासाहेब, हा वास कशाचा?"

"काय नाय साहेब, बायांचं चाललंय काहीतरी."

साहेब नुकताच पोटभर जेवला होता, पण आत डोकावला. सरूबाईचा नाइलाज झाला. दारात उभ्या माणसाला नाही कसं म्हणणार? तिनं एक चतकोर तोडून ताटलीत दिला. साहेबानं घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घास घेतला. "अरे, हा तर आपला मराठवाडी पिझ्झा!" तो म्हणाला. "काकासाहेब, हे लपवून ठेवता होय? मटण कुणीही करतं. ही खरी चीज!"

सरूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ह्या माणसानं उभ्या जन्मात माखलीला खरकटं म्हटलेलं. आता तरी लाजेल, तिला वाटलं. काकासाहेबानं एक पळभर विचार केला आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "आमच्या घराण्याची जुनी चीज आहे साहेब. कुणालाही देत नाही आम्ही."

आम्ही! मनकर्णाबाईनं तोंडाला पदर लावला. सरूबाईनं लावला नाही. तिला हसूसुद्धा आलं नाही.

त्या दिवसापासून बजाजनगरात काकासाहेबांची माखली गाजायला लागली. थापायची सरूबाईनं, माखायची सरूबाईनं, भाजायची सरूबाईनं. काकासाहेब ताट उचलायला यायचा. मोबाइलवर चित्रण व्हायचं तेव्हा ताट त्याच्या हातात आणि वाफ त्याच्या तोंडावर. सरूबाईचा हात कोपऱ्यात कुठंतरी दिसायचा, बांगड्यांपर्यंत. आणि इतिहास! काकासाहेबानं माखलीला इतिहास काढला. म्हणे पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, त्याचे पणजोबा ज्वारीच्या रानात लपले होते. जवळ थोडं मटण, थोडं पीठ. धूर दिसू नये म्हणून त्यांनी भाकरीवरच मटण माखलं आणि निखाऱ्यावर भाजलं. तीच ही माखली!

"पणजोबांनी?" मनकर्णाबाईनं मागच्या दारात विचारलं.

"तर काय," सरूबाई म्हणाली. "ज्या माणसानं जलमात सोताच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाय, तो रानात बसून भाकर थापीत व्हता! रझाकार राहिले बाजूला, त्याला परात तरी ठावी व्हती का? आत्यानं केली माखली, माझ्या डोळ्यांदेखत. पर आत्याला कुठं मिशा हायेत इतिहासात जायला!"

हे सगळं तिनं सोसलं. नाव घेतलं तर घेऊ दे, चव तर आपल्या तोंडात आहे, असं ती स्वतःला सांगायची. पण सुगी झाली, कंदुरी ठरली, आणि एका संध्याकाळी काकासाहेब ओट्यावर बसून नानासाहेबाशी फोनवर बोलताना तिनं ऐकलं. "औंदा माखली सगळ्या पंगतीला. व्हय, आपणच करायची. कंपनीतले साहेब लोक येणारेत. तुकड्यांचं चांगलं मऊ मटण काढून घ्यायचं, खरवडबी सगळी घ्यायची, तिच्यानंच खरी चव येती. बाया नुसत्या अर्ध्या शेकलेल्या भाकरी देतील. माखायचं आपण."

फोन संपला तशी सरूबाई बाहेर आली. "आणि मग बायांनी काय खायाचं?"

"म्हंजी?"

"खरवड तुमी घेणार. माखली तुमी खाणार. मग आमी काय खायाचं?"

काकासाहेबाला प्रश्नच कळेना. त्यानं खरोखर डोकं खाजवलं. "रस्सा उरंल की," तो म्हणाला. "नायतर वरण लावा तुमच्यापुरतं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! सरूबाई रात्रभर कूस बदलत राहिली. तुकडे नेले, काही बोललो नाही. काळीज नेलं, काही बोललो नाही. नाव नेलं, तेही जाऊ दे. बुडाला चिकटलेलं, करपलेलं, ह्यांच्या कुत्र्यांनी वास घेऊन सोडलेलं जे होतं तेवढं आमचं होतं. आता तेसुद्धा चांगलं लागतं म्हटल्यावर ह्यांचं झालं! चार घास काही मोठे नव्हते, आणि त्या घासांसाठी ती तळमळतही नव्हती. पण सासूपासून सगळ्या बायांनी त्या दिवशी कोरडी भाकर खायची, आणि तीही पुरुषांच्या माखलीचा वास घेत, हे तिच्या घशाखाली उतरेना.

कंदुरीचा दिवस उजाडला. लिंबाखाली पातेलं, बाभळींना लुगडं, सगळं जिथल्या तिथं. फरक एवढाच की पातेल्याशेजारी आता दुसरी चूल होती, तिच्यावर मोठा तवा, आणि तिथं काकासाहेब. नवा टॉवेल होता डोक्याला. साहेब लोक खुर्च्यांवर. खुर्च्या गावातल्या मंडपवाल्याच्या. नानासाहेब पाट्यावर मटण रगडत होता, जन्मात पहिल्यांदा, आणि वरवंटा असा धरला होता की बोटं चेंगरतात की काय. लुगड्यामागून सरूबाई आणि तिची जाऊ आशाबाई अर्ध्या शेकलेल्या भाकऱ्या पलीकडं देत होत्या.

"आक्का," आशाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "मटण दुसऱ्या भांड्यात काढून पातेलंच खरवडून नेलं की हो त्यांनी. बुडाला उजेड दिसायलाय."

"दिसू दे. उजेडच खायाचा आज."

द्वारकाबाई कोपऱ्यात बसली होती. आता थकली होती, दात गेलेले, पण कंदुरी चुकवत नव्हती. सुनांची धुसफूस ऐकून तिनं हात हलवला. "जाऊ द्या गं पोरींनो. त्यांचं मटण आपल्याला सोसत नसतं. लई जळजळीत करत्यात. बाप्यांच्या हाताला मापच नसतं. कंदुरीचं मटण म्हंजी नुसतं तिखट आणि तेल. खाल्लं तर पोट बिघडंल."

"खरं हाय आत्या," आशाबाई म्हणाली, आणि एवढ्यानं तिला जरा बरं वाटलं. सरूबाईलाही वाटलं असतं. तिनं सासूच्या तोंडून हे ऐकलं होतं, आणि पुढं स्वतःच्या तोंडूनही दहाजणींना ऐकवलं होतं. पण तेवढ्यात पलीकडं निखाऱ्यांखालचं ताट उचललं गेलं आणि वास सुटला.

फातिहा सकाळीच झाली होती, आता पंगतीची वेळ झाली तसा गफूरभाई उठला. खांद्यावरचा रुमाल सारखा करत तो बांध ओलांडून गाडीरस्त्याला गेला आणि तोंडाला हात लावून चारी दिशांना हाळी दिली, "कोई है क्या रस्ते पो? भूका पियासा, आओ! पीर का खाना तयार है!" ही कंदुरीची सगळ्यात पहिली रीत. आधी वाटसरू, मग घरचे. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, कुठल्याही जातीचा, ओळखीचा नाही म्हणून त्याला परतवायचं नाही. त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं आणि यजमानानं स्वतःच्या हातानं वाढायचं. पण हल्ली सगळे मोटारसायकलीवर. रस्त्यावर कुणी नव्हतं.

सरूबाईनं हातातलं पीठ परातीत झटकलं. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. डोक्यावरचा पदर नीट केला. मग सासूजवळ गेली आणि तिचा दंड धरला.

"उठा आत्या."

"कुठं?"

"जेवायला."

"आत्ताच? बाप्ये उठले का?"

"उठा तर खरं."

सरूबाई सासूला धरून लुगड्याच्या मागच्या बाजूनं निघाली, काट्याच्या कुपाटीला वळसा घालून शेतातून थेट गाडीरस्त्यावर. तिथं उभी राहिली, सासूच्या अंगावरचं कुसळ झटकलं, आणि मग दोघी रस्त्यानं चालत पुन्हा पिराच्या ठाण्याकडं वळल्या. पुढनं. सगळ्यांदेखत. मागून आशाबाई हात पुसत पळत येत होती, तिच्या मागं चुलत सुना, नणंदा, एकेक करून सगळ्या. चुलीवर कुणीच राहिलं नाही.

काकासाहेबाच्या हातात ताट होतं. "काय गं? इकडं कुठं? भाकरी कोण बघतंय?"

"कोण भाकरीवाली?" सरूबाई म्हणाली. "आमी वाटसरू. रस्त्यानं चाललो व्हतो, हाळी ऐकली. भूक लागलीय."

साहेब लोक हसले. त्यांना वाटलं गावाकडची काही गंमत असेल. नानासाहेब वरवंटा टाकून उठला. "वहिनी, काय तमाशा हाय हा? पाव्हणे बसलेत."

"पाव्हण्यांच्या आधी वाटसरू, भाऊजी. तुमच्याच घराची रीत हाय. का निराळी केली औंदा?"

काकासाहेबाचं तोंड लाल झालं. त्यानं मुजावराकडं बघितलं, जणू हा माणूस तरी काही सांगेल. "गफूरभाई, सांगा ना हिला. घरची माणसं वाटसरू असत्यात का कुठं?"

गफूरभाईनं रस्त्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं, द्वारकाबाईच्या अनवाणी पायांकडं बघितलं. म्हातारपणी माणसाला भांडणात पडायची हौस नसते, पण रीत म्हणजे त्याचं कामच होतं. "काकासाब," तो म्हणाला, "पीर के दरवाजे पो आया उसकू कौन, कहां का, पूछते नई. बिठाव."

झालं! साहेब लोकांच्या देखत मुजावराचा शब्द मोडणार कसा? सरूबाई पहिल्या पंगतीत बसली. शेजारी सासूला बसवलं, पलीकडं आशाबाई, मग बाकीच्या. पत्रावळ्या मांडल्या गेल्या. काकासाहेब पळी घेऊन पुढं आला. त्याला वाढायची सवय नव्हती. रस्सा कडेनं सांडत गेला. सरूबाई टक लावून बघत होती आणि तिच्या जिभेवर बोलणं तयार होतं. मीठ नाही म्हणायचं. किंवा, पीठ आमचं म्हणून गिळवतं तरी. किंवा, पणजोबांनी हेच खाल्लं असंल तर रझाकारांना सापडलेले बरे. तिच्या मनातली ही वाक्यं पुन्हा पुन्हा घासून लखलखीत झाली होती, आणि साहेबांच्या देखत एकेक करून ती बाहेर काढणार होती.

काकासाहेबानं तिच्या पत्रावळीवर मटण वाढलं आणि वर माखली ठेवली. तव्यावरची, पहिली. तिनं एक घास तोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला.

गरम होतं. मटण मऊ होतं, करपट नव्हतं, मसाला आतपर्यंत मुरलेला. जळजळीत नव्हतं, बेताचं तिखट होतं. तिनं सावकाश चावलं. दुसरा घास घेतला. काकासाहेब पळी घेऊन समोर उभा होता, मार खायची वाट बघणाऱ्या माणसासारखा, आणि तिच्या तोंडून एकही वाक्य निघेना. इतकं चांगलं होतं ते. एवढ्या वर्षांत, एवढ्या कंदुऱ्यांत, लुगड्याच्या त्या बाजूला हे होतं, आणि ती ह्या बाजूला बसून त्याला नावं ठेवत होती. तिला संताप आला.

तिनं सासूकडं बघितलं. द्वारकाबाई दात नसलेल्या हिरड्यांनी मऊ तुकडा चघळत होती. दोन्ही हातांनी खात होती, मान वर न करता.

"आत्या," सरूबाई म्हणाली. "तुमी तर म्हणत व्हता, जळजळीत असतं, आपल्याला सोसत नाय."

द्वारकाबाईनं पत्रावळ लेकाच्या पळीपुढं सरकवली आणि बोटं चाटली.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "म्या तरी कवा खाल्लं व्हतं?"